अ‍ॅनीजलँडची दोन मैदानं

मित्रहो,

ग्लासगो शहराच्या पश्चिमेला अ‍ॅनीजलँड नावाचा भाग आहे. तिथे रग्बीची दोन मैदानं आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एक ओल्ड अ‍ॅनीजलँड आणि दुसरं न्यू अ‍ॅनीजलँड. पिढ्यान् पिढ्या या दोन मैदानांवर दोन वेगळे क्लब खेळले, एकमेकांना पाडत राहिले, सामना संपला की एकत्र बसून बिअर प्याले. 1997 साली या दोघांनी मिळून तिसरा क्लब काढला, ग्लासगो हॉक्स. आज त्या क्लबविषयी बोलायचं आहे. हौशी खेळाडूंचा क्लब आहे. आठवडाभर नोकरी-धंदा करायचा, मंगळवारी-गुरुवारी रात्री दिव्यांच्या उजेडात सराव करायचा आणि शनिवारी मैदानात उतरायचं, असं त्यांचं आयुष्य.

पण हॉक्स कळायचे असतील तर आधी त्यांचे आईबाप कळायला हवेत.

न्यू अ‍ॅनीजलँड हे ग्लासगो अकॅडेमिकल्सचं मैदान. ग्लासगो अकॅडमी ही शाळा 1845 ची, आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांनी 1866 साली हा क्लब काढला. स्कॉटलंडमधल्या जुन्या शहरी क्लबांची ही खास रीत. शाळा सुटली तरी शाळेचा संघ सुटायचा नाही. आजोबा ज्या जर्सीत खेळले त्याच जर्सीत नातू खेळायचा. उलट बाजूने बघाल तर त्या शाळेत न शिकलेल्याला दार बंद. दार बंद ठेवण्यात त्यांना काही वावगं वाटत नसे, कारण क्लब म्हणजे त्यांच्या लेखी शाळेचंच पुढचं आयुष्य होतं.

या अकॅडेमिकल्सचा, लोक ज्यांना लाडाने 'अ‍ॅकीज' म्हणतात त्यांचा, खेळाच्या इतिहासातला वाटा मोठा आहे. डिसेंबर 1870 मध्ये पाच स्कॉटिश क्लबांच्या कर्णधारांनी वर्तमानपत्रातून इंग्लंडला जाहीर आव्हान दिलं: वीस खेळाडू घेऊन या, रग्बीच्या नियमांनी खेळू. त्या पत्राखाली सही करणाऱ्यांत अ‍ॅकीजचा कर्णधार जे. डब्ल्यू. आर्थर होता. 27 मार्च 1871 ला एडिनबरामधल्या रेबर्न प्लेसवर तो सामना झाला. रग्बीचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना. आर्थर स्वतः त्यात खेळला आणि स्कॉटलंड जिंकलं. पुढच्याच वर्षी, 1872 मध्ये, ग्लासगो विरुद्ध एडिनबरा असा शहरांचा सामना सुरू झाला. आजही ग्लासगो आणि एडिनबराचे व्यावसायिक संघ ज्या करंडकासाठी खेळतात, त्याच्या नावातच 1872 हे साल आहे. आणि 3 मार्च 1873 ला स्कॉटिश फुटबॉल युनियनची, म्हणजे आजच्या स्कॉटिश रग्बी युनियनची, स्थापना झाली ती बैठक कुठे भरली? ग्लासगो अकॅडमीत. संस्थापक आठ संस्थांमध्ये अ‍ॅकीज होतेच.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. त्याच सुमाराला, 1872 च्या नाताळात, कोलकात्यात इंग्रज एका बाजूला आणि स्कॉटिश, आयरिश, वेल्श दुसऱ्या बाजूला असा सामना झाला. त्यातून तिथे क्लब निघाला, पण चार-पाच वर्षांतच उतरणीला लागला. हवा गरम, पलटणी बदलून जाणार, सभासद पोलो-टेनिसकडे वळलेले. 1878 मध्ये क्लब बंद करायचं ठरलं तेव्हा बँकेत उरलेली शिल्लक त्यांनी चांदीच्या रुपयांत काढली, ते 270 रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवून इंग्लंडला पाठवला. फण्यांचे तीन नाग म्हणजे त्याच्या मुठी, झाकणावर हत्ती. हा कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून त्यासाठी खेळतात. संपणाऱ्या क्लबने आपली सगळी पुंजी अशी खेळाच्या हवाली करून जावं, हे मला फार मोलाचं वाटतं. क्लब बंद होतो तेव्हा त्याचं काय उरतं, हा प्रश्न आजच्या गोष्टीतही पुन्हा येणार आहे.

आता अ‍ॅकीजच्या युद्धातल्या दिवसांबद्दल. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडचे सुमारे तीस आंतरराष्ट्रीय रग्बीपटू मारले गेले. विल्यम चर्च आणि एरिक यंग हे दोघे अ‍ॅकीजचे. दोघेही स्कॉटलंडकडून खेळलेले, आणि दोघेही 28 जून 1915 ला, एकाच दिवशी, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत पडले. युद्धानंतर माजी विद्यार्थ्यांनी काय केलं, तर स्मारक म्हणून खुद्द शाळाच विकत घेतली. 1919 साली युद्ध स्मारक विश्वस्त संस्था उभी राहिली आणि ग्लासगो अकॅडमी तिच्या ताब्यात आली. ज्या शाळेचं अस्तित्वच गेलेल्या मित्रांच्या नावाने आहे, तिथल्या क्लबला कुणी सांगावं की बाबांनो, आता नाव बदला? 1997 मध्ये जी घालमेल झाली असेल तिचं मूळ मला इथे दिसतं.

दुसरी बाजू ओल्ड अ‍ॅनीजलँडची. हायस्कूल ऑफ ग्लासगो आपली परंपरा 1124 सालापर्यंत, कॅथीड्रलच्या गायकांच्या शाळेपर्यंत नेते. तिच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लबही दांडगा. स्कॉटलंडने 1925 साली पहिला ग्रँड स्लॅम मिळवला, म्हणजे त्या मोसमातले चारही सामने जिंकले. शेवटचा सामना नव्याकोऱ्या मरीफील्ड मैदानावर इंग्लंडविरुद्ध, 14-11. त्या मोसमातल्या संघात हुकर, म्हणजे पुढच्या ओळीतला मधला खेळाडू, होता याच क्लबचा जिमी आयर्लंड.

या क्लबवर जे आलं ते मात्र विलक्षण. शाळा महापालिकेची होती आणि 1976 मध्ये ती बंद करण्यात आली. माजी विद्यार्थ्यांनी हार मानली नाही. त्यांनी बेअर्सडेनमधल्या एका लहान शाळेशी हातमिळवणी करून तीच शाळा खासगी संस्था म्हणून पुन्हा उभी केली, आणि नवी इमारत बांधली ती ओल्ड अ‍ॅनीजलँडवर, रग्बीच्या मैदानाला लागून. शाळेमुळे क्लब निघाला होता, आणि शेवटी क्लबच्या मैदानाने शाळेला जागा दिली. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

या क्लबने 1982 मध्ये केल्व्हिनसाइड अकॅडेमिकल्सशी एकत्रीकरण केलं. केल्व्हिनसाइड अकॅडमी ही जवळचीच, 1878 ची शाळा. जोडनावाचा क्लब झाला ग्लासगो हाय केल्व्हिनसाइड. सगळे त्याला जीएचके म्हणतात. म्हणजे हॉक्सच्या आईबापांपैकी एक स्वतःच दोन क्लबांचं लेकरू.

हे सगळे एकत्र का यायला लागले? त्याचं उत्तर स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर आहे. तिथे हॉइक, गाला, मेलरोझ, केल्सो ही छोटी गावं. गाव एक, क्लब एक. गिरणीतला कामगार, खाटीक, शेतकरी, मास्तर सगळे त्याच संघात. गावातला चांगला खेळाडू दुसरीकडे जाणार तरी कुठे? ग्लासगो त्यांच्या कैकपटींनी मोठं, पण तिथली ताकद शाळाशाळांत वाटलेली. मैत्रीच्या सामन्यांवर सगळं चालायचं तोवर हे खपून गेलं. 1973 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, गुणतक्ता आला, वर जाणं आणि खाली घसरणं आलं, आणि वाटणीची किंमत उघड झाली. पहिली पाच विजेतेपदं हॉइकने ओळीने नेली. 1973 पासून पुढे तीस वर्षं ग्लासगोच्या एकाही क्लबला ती लीग जिंकता आली नाही. एवढं मोठं शहर, इतका जुना इतिहास, आणि तीस वर्षं रिकाम्या हाताने.

माजी विद्यार्थ्यांचे क्लब हळूहळू सगळ्यांना खुले झाले. ठिकठिकाणी विलीनीकरणं झाली. एडिनबरात डॅनियल स्टुअर्ट आणि मेलव्हिल या शाळा एक झाल्या आणि 1973 मध्ये त्यांचे क्लबही. ग्लासगोत हिलहेड आणि जॉर्डनहिल 1988 मध्ये एकत्र आले.

मग आला ऑगस्ट 1995. पॅरिसच्या बैठकीत रग्बी युनियन हा खेळ व्यावसायिक म्हणून खुला झाला. ज्या स्कॉटलंडमध्ये हौशीपण म्हणजे धर्म होता, तिथे हा हादरा केवढा असेल! एक गोष्ट सांगतो. जॉक वेमिस हा खेळाडू 1914 मध्ये स्कॉटलंडकडून खेळला, युद्धात एक डोळा गमावून परतला आणि 1920 साली पॅरिसला पुन्हा देशाकडून उतरायला निघाला. जर्सी वाटताना त्याला दिली नाही. का, तर 1914 मध्ये एक दिली होती की! पैशाचा विटाळ इतका कडक होता. त्या देशात आता खेळाडूंना पगार मिळणार होते. स्कॉटिश रग्बी युनियनने पगारी संघ क्लबांकडे न देता जिल्ह्यांच्या नावाने उभे केले आणि 1998 मध्ये चारांवरून दोनांवर आणले. क्लब हौशी राहिले, पण त्यांचे उत्तम खेळाडू वर ओढले जाऊ लागले. विभागलेल्या क्लबांना ही गळती सोसणं अवघड होतं.

या वळणावर अ‍ॅकीज आणि जीएचके एकत्र बसले. पुढाकार घेणाऱ्यांत ब्रायन सिमर्स होते. त्यांचे वडील मॅक्स सिमर्स 1926 ते 1932 या काळात स्कॉटलंडकडून 28 सामने खेळले, अ‍ॅकीजचे. ब्रायन स्वतः अ‍ॅकीजचे आणि स्कॉटलंडचे खेळाडू. ज्याच्या घरात दोन पिढ्या ती जर्सी होती, त्या माणसाने शहरासाठी नव्या जर्सीचा आग्रह धरावा, याला मोठं मन लागतं.

मी कॉलेजात असताना मुंबईत प्रॉप म्हणून थोडीफार रग्बी खेळलो आहे, म्हणून विलीनीकरणाचा अर्थ मला स्क्रममध्ये दिसतो, म्हणजे दोन्ही संघांची आठ-आठ माणसं एकमेकांना बिलगून समोरच्यांना ढकलतात त्या झुंजीत. पुढच्या ओळीत तिघं: मधे हुकर, दोन्ही अंगाला प्रॉप. हुकरचे दोन्ही हात प्रॉपच्या खांद्यावरून जातात, त्याच्या काखेखालची जर्सी मुठीत गच्च धरली जाते. पंच म्हणतो क्राउच, बाइंड, सेट. समोरची आठ माणसं अंगावर येतात तेव्हा शेजाऱ्याचा कान तुमच्या कानावर घासतो, त्याचा श्वास ऐकू येतो, त्याचा गुडघा डगमगला तर ते आधी तुम्हाला कळतं. तुमची मान त्याच्या भरवशावर असते. आता कल्पना करा, मागच्या मोसमापर्यंत ज्याच्याशी समोरासमोर झुंजलात तोच आज तुमच्या बगलेत आहे. कागदावर एकत्र येणं एका सभेत होतं. ही मूठ घट्ट व्हायला सराव लागतो, चिखल लागतो.

हॉक्सची मूठ लवकर घट्ट झाली. पहिल्याच मोसमात, 1998 मध्ये, त्यांनी स्कॉटिश कप जिंकला. मग 2004 मध्ये लीग आणि कप दोन्ही. ग्लासगोच्या क्लबने राष्ट्रीय लीग पहिल्यांदा जिंकली ती तेव्हा. 2005 मध्ये पुन्हा लीग, 2006 मध्ये पुन्हा, आणि 2007 मध्ये तिसऱ्यांदा कप. त्या चार वर्षांत ग्लासगोने तीन दशकांची उपासमार भरून काढली.

पण मी आज इथे उभा राहिलो तो या करंडकांसाठी नव्हे. अ‍ॅकीज आणि जीएचके संपले नाहीत, ही गोष्ट मला सांगायची होती. वरच्या पातळीवर दोघांनी मिळून हॉक्स उभे केले आणि आपापली नावं, आपापली मैदानं राखून खालच्या विभागांत आपले संघ पुन्हा उतरवले. काही जाणकार याला अर्धवट विलीनीकरण म्हणतील. तीन ठिकाणी खेळाडू वाटले जातात, तीन समित्या, तीन खर्च, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी मला हाच मार्ग बरोबर वाटतो. गॅलिपोलीत पडलेल्यांचं नाव ज्या क्लबच्या मागे आहे तो पुसून नवा क्लब काढला असता, तर लोक शनिवारी आले असते का? शाळा बंद झाल्यावर ज्यांनी मैदानाच्या कडेला शाळा पुन्हा बांधली, ते नाव सोडून दिलं असतं तर त्यांनी हॉक्ससाठी तरी घाम गाळला असता का? माणसं संस्थेसाठी राबतात ती तिच्यात आपलं काही आहे म्हणून. ते काढून घेतलं की उरते ती फक्त खेळाडूंची यादी.

पुढचे दिवस सोपे नव्हते. 2019 मध्ये युनियनने क्लबांच्या वर निमव्यावसायिक सुपर सिक्स ही स्पर्धा काढली, तिच्या सहा संघांत ग्लासगो शहराचा एकही नव्हता. ती स्पर्धा 2024 मध्ये बंद झाली. हॉक्स मधली सगळी वर्षं हौशी प्रीमियरशिपमध्ये खेळत राहिले.

अलीकडे हॉक्सचं घर बालग्रेला आहे, म्हणजे केल्व्हिनसाइड अकॅडमीच्या मैदानावर. 1982 च्या जोडनावात मागे बसलेल्या त्या तिसऱ्या शाळेचं हे मैदान. शनिवारी दुपारी कधी ग्लासगोत असाल तर तिथे जा. आणि वेळ उरला तर अ‍ॅनीजलँडलाही चक्कर टाका. एका मैदानावर अ‍ॅकीजचा सामना चालू असेल, दुसऱ्यावर जीएचकेचा. पावसाची सर मात्र तिन्ही ठिकाणी एकच असेल.