गोळ्या संपल्यावर

गोवंडीतली ही बिल्डिंग. सकाळचे दहा वाजलेत आणि जिन्यात लाइट लावावी लागते. दोन इमारतींमधली ही फट बघा, ऊन कुठे अडकतं ते कळेल.

आता हा टीबीच्या पेशंटचा हात. तीन गोळ्या. वजन ३५ ते ४९ किलो म्हणून तीन, पन्नाशीच्या वर गेलं की चार. पहिले २ महिने एकेका गोळीत चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी केशरी होते, पहिल्या दिवशी माणूस घाबरतो, म्हणून आरोग्यसेविका ताई आधीच सांगून ठेवतात.

सहा महिने खूप वाटतात ना, पण रिफाम्पिसिन यायच्या आधी हेच दीड-दोन वर्षं चालायचं.

मायक्रोस्कोपखाली थुंकी. निळ्यावर त्या लाल काड्या दिसतायत ना, तेच जंतू. औषध सुरू झालं की बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, खोकला थांबतो, भूक लागते आणि माणसाला वाटतं झालो बरा. पण थोडे सुस्त पडून राहतात, वाढत नाहीत, म्हणून औषधाला दाद देत नाहीत. पुढचे सगळे महिने त्यांच्यासाठी. २०१४ ला चार महिन्यांच्या उपचारांच्या चाचण्यांचे निकाल आले तेव्हा नेमकं हेच झालं, गोळ्या थांबल्यावर टीबी उलटला, सहा महिनेवाल्यांपेक्षा जास्त जणांचा. २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधं घेऊन चार महिन्यांत जमलं.

आणि २०२३ ला तर थेट दोन महिने! भारतासकट पाच देशांत चाचणी. औषध ८ आठवडे, पण पेशंटवर लक्ष ९६ आठवडे, उलटला की लगेच परत उपचार. बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड ही औषधं घेणाऱ्या गटाचा निकाल सहा महिन्यांच्या तोडीचा आला. मला यातले ८ नाही, ९६ महत्त्वाचे वाटतात, कारण महिने कमी करायचे तर नंतर दार वाजवणारं कोणीतरी लागतंच.

आपल्याकडे नियम आहे की, उपचार संपल्यावर ६, १२, १८, २४ महिन्यांनी तपासणी. भाड्याची खोली बदलली, मोबाइल नंबर बदलला, की ताईंनी शोधायचं कुठे? हे रजिस्टर त्यांचंच.

हा एका पेशंट बाईचा एक्सरे. कोर्स पूर्ण, थुंकी साफ, कागदावर बरी. वरच्या कोपऱ्यातला तो डाग मात्र राहतो, आणि दम लागणंही.

ती चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद आहे.