न उघडलेल्या दारांची नोंद

[संध्याकाळ. मोठ्या सोसायटीचं गेट. वॉचमनची केबिन.]

संध्याकाळचे सात. हिंजवडीकडच्या एका सोसायटीच्या गेटवर एक बाई उभ्या आहेत. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, पिशवीत सरकारी पाहणीच्या पत्राच्या प्रती. वॉचमन इंटरकॉमवर बोलतो आणि मान हलवतो. "मॅडम, सातशे चारवाले नको म्हणतात."

ही तिसरी फेरी. पहिल्या फेरीला घरात फक्त स्वयंपाकाच्या मावशी होत्या. दुसऱ्या फेरीला कुलूप.

सातशे चार नंबरचं घर या बाईंनी निवडलेलं नाही. चिठ्ठ्या काढाव्यात तसा नमुना निघतो, आणि त्यात या घराची चिठ्ठी निघाली. २०२२-२३च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत गावागावांतून आणि शहरांतल्या ब्लॉकमधून साधारण अशी १८-१८ घरं घेतली होती. देशभरात मिळून २,६१,७४६. म्हणजे यातलं एकेक घर सरासरीनं हजाराहून जास्त घरांच्या वतीनं बोलत होतं.

आणि ते बोललंच नाही, तर?

[टॅबलेटचा पडदा. बोट एका चौकटीवर.]

अशा पाहण्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मोडतात. तिच्या अनुसूचीत, म्हणजे प्रश्नावलीत, त्यासाठी एक छोटी चौकट आहे: मूळ घर बदलावं लागलं, त्याचं कारण. माहिती देणारी व्यक्ती कामात असेल तर १. घरातले बाहेरगावी असतील तर २. सहकार्य मिळालं नाही तर ३. इतर काही असेल तर ९. मग त्याच गटातलं दुसरं घर घ्यायचं. पहिलं घरही गेलं आणि बदली घरही मिळालं नाही, तर त्या जागेला पाहणीच्या भाषेत म्हणतात 'कॅज्युअल्टी'. युद्धातला शब्द आहे. मला तो चपखल वाटतो.

कारण बदली घर कुणाचं मिळतं? जे घरी असतं, ज्याला तासभर बसायला सवड असते, त्याचं. दोघंही नोकरीला जाणारी घरं, रात्रपाळीवाली घरं, भाड्यानं राहणारी चार पोरं, पैसा आणि सुरक्षारक्षक दोन्ही बाळगणारी घरं, ही सगळी हळूहळू आकड्यांतून गळत जातात. आकडा छापून येतो तेव्हा भरलेला दिसतो. तो कुणामुळे भरला, ते दिसत नाही.

[पुणे. गोखले अर्थशास्त्र संस्थेची दगडी इमारत.]

या आकड्यांवर काय काय उभं राहतं, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. १९७१मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अंदाज मांडला. १९६०-६१मध्ये खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं किमान गरजेच्या खाली होती, असं त्यांनी दाखवलं. त्यामागं होती राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे अनोळखी माणसाला दार उघडून "आमच्याकडे महिन्याला इतकं धान्य लागतं" असं सांगणारी हजारो घरं.

ही दारं मिटली की काय होतं, हे ब्रिटननं नुकतंच अनुभवलं. तिथल्या श्रमशक्ती पाहणीला दशकभरापूर्वी जवळजवळ निम्मी घरं प्रतिसाद देत. २०२३मध्ये हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आलं. त्या ऑक्टोबरमध्ये बेरोजगारीचे नेहमीचे आकडे प्रसिद्ध करणं सांख्यिकी कार्यालयाला थांबवावं लागलं. इतक्या जुन्या, इतक्या श्रीमंत देशात किती लोक बेकार आहेत, हे खात्रीनं सांगता येईना.

[अमेरिकेचा नकाशा. लहान लहान तुकड्यांत रंग भरत जातात.]

मग प्रश्न आला: कोणतं दार उघडणार नाही, हे आधीच कळलं तर?

अमेरिकेच्या जनगणना कार्यालयानं २०१२मध्ये हा प्रश्न स्पर्धेसाठी खुला केला. २०१०च्या जनगणनेत कोणत्या वस्तीतून टपालानं किती फॉर्म परत आले, हे त्यांच्यापाशी होतं. वस्तीचं वर्णनही होतं: भाडेकरू किती, म्हातारी माणसं किती, रिकामी घरं किती, शिक्षण, उत्पन्न, अशी शेकडो परिमाणं. त्यावरून परतीचं प्रमाण ओळखून दाखवा, असं आव्हान. मशीन लर्निंग करणाऱ्यांनी, म्हणजे जुन्या माहितीवरून यंत्राला अंदाज बांधायला शिकवणाऱ्यांनी, गणितं लढवली आणि एक विजेता ठरला.

पुढं कार्यालयानं जे केलं, ते मला स्पर्धेपेक्षाही मोलाचं वाटतं. जिंकलेलं मॉडेल त्यांनी जसंच्या तसं वापरलं नाही. त्यातली सर्वांत वजनदार २५ परिमाणं घेतली आणि साध्या समीकरणात बसवली. त्यातून प्रत्येक वस्तीला एक गुण मिळाला, कमी प्रतिसादाच्या शक्यतेचा. थोडी अचूकता गेली, पण प्रत्यक्ष वस्तीत काम करणाऱ्याला कारण कळू लागलं. इथं भाडेकरू जास्त आहेत. इथं तरुण पोरं जास्त आहेत. कारण कळलं, तरच उपाय करता येतो.

[पुन्हा सोसायटीचं गेट. आता दुपार.]

इथंच एक सापळा आहे. यंत्रानं सांगितलं की ही घरं बोलतील आणि ती बोलणार नाहीत. आता कार्यालयावर ताण आहे टक्केवारीचा. मग सरळ मार्ग कोणता? बोलणाऱ्या घरांचीच दारं वाजवायची. प्रतिसाद वाढेल, अहवाल छान दिसेल आणि नमुना आणखी तिरका होईल. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९मध्ये यावर वेगळंच माप सुचवलं: किती जण बोलले याच्या जोडीला, बोलणारे सगळ्यांसारखे आहेत का, हे मोजा.

म्हणून यंत्राचा गुण उलटा वाचायला हवा. जिथं नकाराची शक्यता जास्त, तिथं सर्वांत अनुभवी अन्वेषक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती घेणारी माणसं, पाठवा. आधी पत्र जाऊ द्या. सेक्रेटरींना भेटा. फेरी रविवारी सकाळी ठेवा. सोप्या दारांवर वाचलेला वेळ अवघड दारांवर खर्च करा.

आपल्याकडे याची सामग्री साचते आहे. अन्वेषकांच्या हाती आता टॅबलेट आहे आणि माहिती ई-सिग्मा या प्रणालीत जाते. जानेवारी २०२५पासून श्रमशक्ती पाहणीत एकेका घरी सलग चार महिने जातात. पहिल्या भेटीला काय घडलं, यावरून दुसऱ्या भेटीचा अंदाज बांधणं, हे यंत्राला उत्तम जमणारं काम. शिवाय प्रत्येक भेटीनंतर अन्वेषक नोंदवतात: सांगणारी व्यक्ती सहकार्य करणारी होती, घाईत होती, की नाखूश होती. या नोंदी म्हणजे कित्येक अन्वेषकांचा पायी गोळा केलेला अनुभव आहे.

पण यंत्र शिकतं ते झालेल्या चुकांसकट.

[बीड जिल्हा. कुलूप लावलेल्या घरांची ओळ. दूरवर बैलगाड्या.]

बीडच्या या गावात दिवाळीनंतर या. निम्म्या गल्लीला कुलूप. माणसं ऊसतोडीला गेली, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या भोवती कोप्या टाकून राहिली. चौकटीत आकडा पडतो २: घरातले बाहेरगावी. वर्षानुवर्षं २, २, २. यंत्र हे वाचेल आणि म्हणेल, या गावात प्रतिसाद कमी. त्याचं चूक नाही, त्याच्यासमोर एवढंच ठेवलेलं आहे. या माणसांनी कधीच नकार दिला नव्हता. आपण चुकीच्या महिन्यात गेलो होतो.

तोडीची टोळी कधी निघणार, हे टोळी जमवणाऱ्या मुकादमाला ठाऊक असतं. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कधी दिली, गाडी कधी भरली, हे गावातल्या किराणा दुकानदारालाही ठाऊक असतं. ती तारीख यंत्राला कुणी तरी सांगायला हवी, आणि ती सांगू शकतो तो त्या भागात फिरणारा अन्वेषकच. मॉडेल बनवणाऱ्यानं त्याच्याबरोबर आठवडाभर फिरावं, असं मला मनापासून वाटतं. कोणत्या गावाची पाहणी कोणत्या तिमाहीत, हे सहजासहजी हलवता येत नाही. पण पाळी ऑक्टोबर ते डिसेंबरची असेल, तर टोळ्यांचं गाव यादीत पहिलं घेता येतं.

[तीच गल्ली. पावसाळा. कुलूप नाही. ओसरीवर एक आजी.]

टॅबलेट मांडीवर ठेवून अन्वेषक ओसरीवर बसले आहेत. आजींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. नमुना पाहणीत कुटुंबाची व्याख्या चुलीवरून ठरते, म्हणून सुरुवातही तिथूनच.

"आजी, एका चुलीवर तुम्ही किती जण जेवता?"

आजी बोटं मोजायला लागतात. "आत्ता का, तोडीला गेल्यावर?"