प्रेस थांबवणारा हात

[दृश्य: भोसरी एमआयडीसी, सकाळ. अर्धवट उघडलेलं शटर. आतून ठोक्यांचा आवाज.]

भोसरी असो की चाकण, आतल्या गल्लीत शिरलं की हा आवाज कानावर येतो. पॉवर प्रेस. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, पॅडल दाबायचं, वरून रॅम, म्हणजे दाब देणारा जड भाग येतो आणि जॉब तयार. आपल्या गाडीतले ब्रॅकेट, वॉशर, क्लॅम्प असेच घडतात. एका पाळीत तोच हात हजारदा डायखाली जातो, हजारदा बाहेर येतो.

जुन्या यांत्रिक प्रेसच्या क्लचमध्ये एक चावी असते. ती गुंतली की रॅम अधेमधे थांबत नाही, फेरा पुरा करतो. चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. हा डबल स्ट्रोक. नेमका तेव्हाच हात तयार जॉब उचलायला आत गेलेला असतो. अशा प्रेसला नुसता सेन्सर लावून भागत नाही. सेन्सरला हात दिसला, तरी रॅम थांबणार कसा? तिथे जाळी हवी, चिमटा हवा आणि जमेल तितक्या लवकर एअर क्लचचं, म्हणजे रॅम मधेच थांबवता येणारं मशीन हवं.

[दृश्य: एक हात, जवळून. तर्जनी नाही. हात शर्टाचं बटण लावतोय.]

कामगारांसाठीच्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचं कोष्टक होतं. माणसाची कमावण्याची ताकद किती घटली, याचा तो हिशोब. अंगठा गेला तर ३० टक्के. अख्खी तर्जनी १४. मधलं बोट १२. करंगळी ७.

आपण सहज म्हणून जातो, जिवावरचं बोटावर निभावलं. पण ज्याचं पोटच हातावर आहे, त्याचं बोट गेलं तर काय निभावलं?

यंत्र चालू असताना त्याच्या धोक्याच्या भागावर गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं संरक्षक कवच, जागेवरच असला पाहिजे, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने सांगितलं. मग गार्ड निघतो कधी? रात्री डाय बदलताना. सकाळी माल पाठवायचा असतो, गाडी दारात उभी असते. ‘एवढा लॉट निघू दे, मग लावू.’ ‘मग’ येत नाही. पुढच्या पाळीचा पोरगा नवा असतो, गावाहून चार दिवसांपूर्वी आलेला, कागदावर हेल्पर. गार्ड नसलेली प्रेस त्याला तशीच वाटते, जशी प्रेस असायची. अपघात झाला की ऐकू येतं, ‘त्याचं लक्ष नव्हतं.’ हे वाक्य मला फार छळतं. आठ तास, एकच हालचाल; लक्ष कधीतरी हटणारच. हटलं तरी बोट शाबूत राहावं, म्हणून तर गार्ड असतो.

[दृश्य: ४ मार्च. फाटकाशी रांग, छातीवर बिल्ले, शपथ.]

४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १९७२ पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. शपथ घ्यावीच. पण कारखाना कसा आहे, हे मला ५ मार्चला बघायचं असतं: ज्याने प्रेस बंद केली, त्याला काय ऐकावं लागतं? ‘प्रॉडक्शन कोण देणार?’ की ‘बरं केलंस, काय झालं ते दाखव’? त्या बंद तासाचा भत्ता कापला, तर उद्या तो बोलणार नाही. बाकीचेही बोलणार नाहीत. हात थोडक्यात वाचला, हे कुणाच्या कानावर जाणार नाही आणि तीच प्रेस पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी बोट घेईल.

[दृश्य: दुपारची पाळी बदलतेय. एक प्रेस बंद. मेन स्विचला कुलूप आणि लाल पाटी.]

पहिल्या पाळीचा ऑपरेटर घरी जायच्या आधी दुसऱ्याला थांबवतो.

‘ही लावू नको. सकाळी एकदा आपोआप खाली आली. स्प्रिंग बदलायला दिलीय. फिटर सही करेल, मगच.’

‘आणि लॉट?’

‘साहेबांना सांगितलंय. ते म्हणाले, पार्टीला मी फोन करतो.’

दुसरा मान हलवतो आणि शेजारच्या मशीनचा चिमटा हातात घेतो.