नावाचा अर्थ आणि नावाची संगत

मंडळी, नवं नाव कानावर आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: अर्थ काय? आई-वडील हौसेने अर्थ सांगतात आणि ऐकणाऱ्याचं समाधान होतं. मला आज थोडं वेगळं मांडायचं आहे. नाव टिकतं किंवा मागे पडतं ते अर्थामुळे फारसं नाही. ते आधी कोणाचं होतं, कोणाच्या तोंडी रुळलं, त्याच्या आजूबाजूला कोणती नावं होती, यावर त्याचं नशीब ठरतं. अर्थापेक्षा संगत भारी पडते.

क्लॉडिया हे नाव घ्या. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे लंगडा. सिसिलियाच्या मुळाशी आंधळा. स्कॉटलंडमधलं कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा. ही नावं आजही लोक आनंदाने ठेवतात, कारण त्यांची संगत चांगली आहे. आता अ‍ॅडॉल्फ पाहा. जुन्या जर्मन भाषेत त्याचा अर्थ उमदा लांडगा, आणि हे नाव धारण करणारे राजे स्वीडनमध्ये होऊन गेले. 1945 नंतर जर्मनीत ते जवळजवळ नाहीसं झालं. अर्थ होता तसाच होता, पण एका माणसाने नाव नासवलं. आपलं उदाहरण हवं तर दुर्योधन आहेच. ज्याच्याशी लढणं कठीण तो दुर्योधन, म्हणजे अर्थ वीराला शोभणारा. तरी हे नाव ठेवणारे किती सापडतील?

अर्थ अगदी जाणीवपूर्वक कामाला लावला गेला तो एका दुःखद कारणासाठी. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढच्या बाळाला मुद्दाम क्षुद्र नाव दिलं जाई, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्याकडे वळणार नाही. दगडू, धोंडू ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. मंगोलियात नेरगुई म्हणजे 'नाव नसलेला' आणि एनेबिश म्हणजे 'हा नव्हे'. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा समाजात अजुजी म्हणजे उकिरडा. एकमेकांचा मागमूस नसलेल्या आयांना एकच युक्ती सुचली. अशा नावांना कोणी हसलं की मला फार वाईट वाटतं. त्या नावांमध्ये आधी गेलेल्या भावंडांची आठवण आहे.

नावं प्रवासही करतात, आणि प्रवासात त्यांचे अवयव गळतात. अलेक्झांडर हे ग्रीक नाव, अर्थ माणसांचा रक्षणकर्ता. अरबीत गेल्यावर सुरुवातीचं 'अल्' हे त्या भाषेतलं नेहमीचं उपपद समजलं गेलं, ते सुटलं आणि उरला इस्कंदर. तोच आपल्याकडे सिकंदर. हिब्रूतला योहानान तर कुठे जॉन झाला, कुठे इव्हान, हुआन, जोव्हानी, शॉन.

एखाद्या देशाची नावं जवळजवळ सगळीच्या सगळी बदलू शकतात का? इंग्लंडमध्ये बदलली. 1066 साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून गादीवर बसला. त्याआधी तिथे लिओफ्रिक, एथेलरेड, गॉडगिफू अशी नावं होती. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत ती मागे पडली आणि त्यांच्या जागी विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री आले. आज आपण ज्यांना अस्सल इंग्रजी नावं म्हणतो ती ही, जेत्यांबरोबर आलेली. तसा हुकूम कोणी काढला नव्हता. वरच्या वर्गाची नावं खालच्यांनी उचलली, इतकंच. जुन्यांपैकी एडवर्ड टिकला, कारण त्या नावाचा राजा संत मानला गेला.

आता लोकप्रियतेकडे येऊ. अमेरिकेत 1880 पासूनची नावांची आकडेवारी उपलब्ध आहे, त्यामुळे तिथलं चित्र स्पष्ट दिसतं. मुलींमध्ये मेरी हे नाव 1880 पासून 1946 पर्यंत दरवर्षी पहिलं. 1947 साली लिंडाने तिला मागे टाकलं. त्या एका वर्षात सुमारे एक लाख मुलींचं नाव लिंडा ठेवलं गेलं, म्हणजे दर वीस मुलींमागे एकीहून जास्त. त्याच सुमारास लिंडा नावाचं एक गाणं गाजत होतं आणि सगळं श्रेय त्यालाच दिलं जातं. पण लिंडा आधीपासूनच वर चढत होती. चढत्या नावाला गाण्याने धक्का दिला, एवढंच म्हणता येईल. 1952 नंतर तिचा पहिला क्रमांक गेला आणि आज ती पहिल्या शंभरातही नाही. अति झालं, म्हणून ओसरलं. हे नाव एका पिढीचं आहे हे लोकांना कळलं की पुढची पिढी ते टाळते.

गंमत अशी की प्रत्येक आई-वडिलांना वाटत असतं, आपण निवडलेलं नाव वेगळं आहे. मग शाळेत त्याच नावाची तीन मुलं निघतात. कारण आपण नाव निवडतो असं म्हणत असलो तरी आधी आपला कान निवडतो. अमेरिकेत एडनच्या मागोमाग जेडन, ब्रेडन, हेडन, केडन आले. आपल्याकडे श्रेयांश, रुद्रांश, रेयांश एका रांगेत उभे राहिले. कानाला रुळलेला शेवट आधी आणि अर्थाचा शोध त्यानंतर.

आजीच्या काळातलं नाव जुनाट वाटतं, पणजीच्या काळातलं मात्र पुन्हा गोड वाटू लागतं. एमा 1880 साली अमेरिकेत तिसरी होती, 1970 च्या दशकात चारशेच्याही खाली गेली आणि 2008 साली पहिली आली. ते नाव लावणाऱ्या म्हाताऱ्या आजूबाजूला उरल्या नाहीत, तेव्हा ते पुन्हा कोवळं झालं.

संगतीची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्याने ठरावीक संत आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्ती यांचीच नावं मान्य होती. पुढे कायदा सैल होत गेला आणि 1991 साली तिथे मुलांमध्ये पहिलं आलं ते केव्हिन, मूळचं आयरिश. अर्थ सौम्य, देखणा. पण हे नाव कष्टकरी वस्त्यांत जास्त ठेवलं गेलं, आणि थोड्याच वर्षांत त्याची टिंगल सुरू झाली. जर्मनीतही तेच झालं. तिथे शिक्षकांच्या एका पाहणीत केव्हिन नावाच्या मुलाबद्दल आधीच वाईट मत असल्याचं दिसून आलं. मुलाने अजून वही उघडलेली नाही आणि बाईंचं मत तयार आहे!

बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोस्टन आणि शिकागो इथल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांमध्ये आढळणारी नावं आणि काहींवर लकिशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांमध्ये आढळणारी. कोणत्या अर्जावर कोणतं नाव पडेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. एमिली आणि ग्रेग यांच्यासारख्या नावांना जवळपास दीडपट बोलावणी आली. मग त्यांनी अर्जांची गुणवत्ताही बदलून पाहिली, अनुभव वाढवला, कौशल्यं वाढवली. त्याचा चांगला फायदा एमिलीला झाला. लकिशाच्या बोलावण्यांत फारसा फरक पडला नाही.