फुफ्फुस धुतलेल्या पाण्याला काय विचारावे?

स्क्लेरोडर्मा या त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या आजारात फुफ्फुसाची जाळी कशी कडक होत जाते, हे या सभागृहाला सांगण्याची गरज नाही. ब्राँकोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत घालायची दुर्बीण, फुफ्फुसाच्या मधल्या खंडातील एखाद्या शाखेत टेकवून, सलाइन थोडे थोडे सोडून परत ओढून घेण्याची क्रियाही आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तिचे नाव ब्राँकोअल्व्हिओलर लव्हाज, लघुरूप BAL; आपण तिला तोंडभरून ‘बाल’ म्हणतो. एका रुग्णाच्या वडिलांनी मला गंभीरपणे विचारले होते, “डॉक्टर, मुलीचे केस कापावे लागतील का?” तेव्हापासून मी ‘फुफ्फुस धुणे’ म्हणतो.

माझी तक्रार त्या पाण्याबद्दल नसून त्यावर लिहिल्या जाणाऱ्या एका ओळीबद्दल आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई अहवाल घेऊन आल्या: ‘न्यूट्रोफिल 6 टक्के, अल्व्हिओलायटिस आहे.’ म्हणजे दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी 6 टक्के, म्हणून वायुकोशांना दाह. एवढ्या भांडवलावर त्यांना सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे जड औषध सुरू करण्याचा सल्ला मिळाला होता. सलाइन किती सोडले, किती परत आले, कोणत्या खंडातून घेतले, यांपैकी एकही गोष्ट कागदावर नव्हती. मी प्रयोगशाळेला फोन केला. त्यांच्या मते ते बाटलीवर लिहायला हवे होते. ब्राँकोस्कोपी कक्षाच्या मते ते वहीत होते, आणि वही कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती. तिसऱ्या दिवशी आकडे मिळाले: 150 मिलिलिटर सोडले, 28 परत आले. परतावा 30 टक्क्यांच्या खाली गेला की पेशींच्या टक्केवारीवर फारसे विसंबता येत नाही, कारण अशा नमुन्यात वायुकोशांपेक्षा श्वासनलिकांचाच अंश अधिक असू शकतो आणि तेथे न्यूट्रोफिल एरवीही जास्त सापडतात. शिवाय बाईंना रात्री घशाशी आंबट येत असे, त्या तीन उशा घेऊन झोपत. अन्ननलिका शिथिल झालेल्या या आजारात जठरातील आम्ल फुफ्फुसात झिरपले तरी न्यूट्रोफिल वाढतात, हे अहवाल लिहिणाऱ्याला कोण सांगणार? (त्यांच्या गारठलेल्या, निळसर बोटांवर ऑक्सिमीटर आकडाच दाखवत नव्हता; तो कानाला लावावा लागला. तेही वहीत नव्हते.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्यासाठी मला बोलावले तो मुद्दा आता धावतपळत मांडतो. आधी दाह आणि मग तंतुमयता (फुफ्फुसात व्रणासारखे कडक तंतू साचणे), म्हणून दाह पाण्यात पकडा, ही कल्पना आकर्षक होती. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 158 रुग्णांच्या ‘स्क्लेरोडर्मा लंग स्टडी’ या सायक्लोफॉस्फामाइडच्या चाचणीमध्ये 3 टक्के न्यूट्रोफिल किंवा 2 टक्के इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) हा प्रवेशाचा एक निकष होता. पुढे 2008 मध्ये त्याच रुग्णांच्या पाण्याचा वेगळा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की ज्यांच्या पाण्यात या पेशी वाढलेल्या होत्या, त्यांचा आजार सुरुवातीलाच काहीसा जड होता. परंतु कोणाची फुफ्फुसक्षमता घसरेल, कोणाला औषध लागू पडेल, हे त्या पाण्याने सांगितले नाही. ते काम सीटी स्कॅनवर दिसणारी आजाराची फुफ्फुसातील व्याप्ती आणि एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडता येणारी हवा) अधिक चांगले करतात. व्याप्ती 20 टक्क्यांच्या पुढे आहे का, हा प्रश्न पेशी मोजण्यापेक्षा उपयोगी ठरतो.

याचा अर्थ पाणी घेऊच नये असा नाही. ताप आणि नव्या छाया घेऊन आलेला, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेला रुग्ण, किंवा दर पिचकारीगणिक परत येणारे पाणी अधिकाधिक लाल होत जाईल असा रक्तस्रावाचा संशय, येथे दुसरी तपासणी तिची जागा घेत नाही. त्याच बाई, सीटी आणि एफव्हीसी पाहून मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केल्यानंतर अकराव्या महिन्यात, ताप आणि धाप घेऊन आल्या. या वेळी धुण्याची चिठ्ठी मी लिहिली, आणि बाटलीवर स्वतःच्या हाताने नोंदवले: 150 सोडले, 84 परत. त्यात न्यूमोसिस्टिस, म्हणजे दुबळ्या प्रतिकारशक्तीत न्यूमोनिया करणारी बुरशी, सापडली. न्यूट्रोफिल किती होते, ते मी पाहिलेही नाही.