डोंगराआडच्या घरात उपग्रहाचे इंटरनेट

[दृश्य : पहाट. धुक्यातून वर आलेला तोरण्याचा माथा. खाली कौलारू घर, शेणाने सारवलेले अंगण, तुळशीवृंदावन.]

पुण्याच्या स्वारगेटहून सुटलेली एस.टी. नसरापूर फाट्याला महामार्ग सोडते आणि वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या रस्त्याला लागते, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर रेंजच्या चार दांड्या असतात. घाटाच्या वळणांबरोबर त्या एकेक करून कमी होतात आणि तोरणा मागे पडला की उरतच नाहीत. सरळ रेषेत मोजले तर ही वाडी पुणे शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. पण टॉवर आणि वाडी यांच्यामध्ये सह्याद्रीची एक अख्खी सोंड आडवी आहे, आणि मोबाइलच्या लहरी डोंगर ओलांडून पलीकडे उतरत नाहीत.

वाडीच्या वरच्या अंगाला एक काळा खडक आहे. त्याच्या एका ठरावीक कोपऱ्यावर उभे राहिले की एखादी दांडी येते. मुंबईत कामाला असलेल्या मुलाचा फोन, दहावीचा निकाल, बँकेचा ओटीपी, दवाखान्याचा निरोप, हे सारे इतकी वर्षे याच खडकावर येत राहिले. खडकाचा तो कोपरा माणसांच्या पायांनी गुळगुळीत झाला आहे.

या वाडीतल्या एका घराने यंदा उपग्रहावरून चालणारे इंटरनेट घेतले. घरात आजी आहेत, शेती पाहणारा त्यांचा मुलगा आहे, बचत गटाचे हिशेब ठेवणारी सून आहे आणि अकरावीत शिकणारी नात आहे. जोडणी कशी झाली आणि वापराच्या पहिल्या पावसाळ्यात ती कशी टिकली, ते आपण पाहणार आहोत.

[दृश्य : दक्षिणेकडचे आकाश. अंगणाच्या कडेचे आंब्याचे झाड.]

टॉवरची लहर आडवी येते, म्हणून डोंगर तिला अडवतो. उपग्रहाची लहर जवळजवळ डोक्यावरून येते. दूरसंचाराचे बहुतेक मोठे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. तिथे उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात पूर्ण होते, त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आकाशात एकाच जागी उभा असल्यासारखा असतो. भारताचा 5,854 किलो वजनाचा जीसॅट-11 हा उपग्रह डिसेंबर 2018 मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडला गेला आणि 74 अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर स्थिरावला. आपल्या वाडीचा रेखांश साडेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. म्हणजे या अंगणातून तो उपग्रह जवळजवळ नेमक्या दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे 68 अंश वर येतो.

हा 68 अंशांचा आकडा या घराच्या फार उपयोगी पडला. इतक्या उभ्या कोनामुळे दहा मीटर उंचीचा आंबा तबकडीपासून, म्हणजे उपग्रहाची लहर झेलणाऱ्या डिशपासून, पाच मीटर दूर असला तरी वाटेत येत नाही. समोरचा डोंगर कितीही मोठा दिसला, तरी त्याचा माथा पायथ्याच्या अंगणातून 68 अंशांवर कधीच नसतो. झाड तोडावे लागेल की काय, ही आजींना पहिल्या दिवसापासून काळजी होती. आंबा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला आहे. झाड जागेवर राहिले आणि तबकडी अंगणाच्या दुसऱ्या कडेला गेली.

पुणे जिल्ह्याचे आणि उपग्रहांचे नाते मात्र जुने आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी बोलणारे जमिनीवरचे केंद्र, उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. हिंदी महासागरावरच्या उपग्रहामार्फत परदेशी बोलणे जोडून देण्यासाठी तिथे सुमारे 30 मीटर व्यासाची तबकडी लागत असे. आज त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण मीटरच्या तबकडीतून, एक मुलगी भौतिकशास्त्राचा धडा पाहते. आताच्या उपग्रहांचे झोत अरुंद आणि जोरकस झाले, ग्रहण करणारी यंत्रे अधिक संवेदनशील झाली, म्हणून घरची तबकडी इतकी लहान होऊ शकली.

[दृश्य : गवंडी चौथरा बांधत आहे. लोखंडी नळाला लावलेला ओळंबा.]

जोडणीचा बहुतेक वेळ गवंडीकामात गेला, हे आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते. कौलांवर तबकडी बसवता येत नाही, आणि पत्र्याच्या छपरावर बसवली तर वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि तबकडीही थरथरते. म्हणून अंगणात दोन फूट खोल खड्डा घेऊन सिमेंट-काँक्रीटमध्ये जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ रोवला गेला. नळ रोवताना गवंड्याने दोन बाजूंनी ओळंबा धरला, पाणसळ लावली, आणि काँक्रीट ओले असतानाच नळाला दोनदा किंचित ढकलून सरळ केले. बाकीचे सारे काम या क्षणावर उभे असते. नळ तिरपा राहिला तर तबकडी डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलते, आणि मग तंत्रज्ञ तासन्‌तास बोल्टचा पाना फिरवत बसला तरी दोन्ही कोन एकाच वेळी जुळत नाहीत. काँक्रीटला तीन दिवस पाणी मारले, आणि त्यानंतरच तबकडी चढवली.

पाऊण मीटरच्या तबकडीची एक कड सव्वा सेंटिमीटर सरकली की तिची नजर एक अंशाने ढळते. एक अंश म्हणजे उपग्रहाच्या उंचीवर सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर. टीव्हीची डिश फक्त ऐकते, त्यामुळे तिथे थोडीफार चूक खपून जाते. ही तबकडी बोलतेही. तिचे तोंड चुकले तर तिचा आवाज शेजारच्या उपग्रहाला त्रास देऊ शकतो, म्हणून जोडणीनंतर सेवा देणाऱ्या कंपनीच्या भूकेंद्राकडून तिची तपासणी होते आणि ती पार पडल्यावरच पाठवण्याची मुभा मिळते. तबकडीच्या पुढच्या दांड्यावर बसवलेल्या यंत्रातून लहरी बाहेर पडतात. ते यंत्र आणि तबकडी यांच्या मधल्या जागेत कोणी डोकावू नये, म्हणून भोवती लहानसे कुंपण घातले आहे.

पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकेल. उपग्रह 68 अंशांवर आहे, आणि तबकडी मात्र त्यापेक्षा बरीच खाली पाहत असल्यासारखी दिसते. या प्रकारच्या तबकडीत ग्रहण करणारे यंत्र मध्यभागी नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे तिची खरी नजर तिच्या चेहऱ्यापेक्षा वीस-बावीस अंश वर असते. शेजाऱ्यांनी दोनदा येऊन ‘डिश खाली झुकली आहे’ असे आपुलकीने सांगितले. ती झुकलेली नाही.

तंत्रज्ञाने होकायंत्र पत्र्याच्या गोठ्यापासून दूर नेऊन दक्षिण ठरवली, मोबाइलमधल्या कोनमापकाने उंची लावली, आणि मग मीटरवरचा आकडा पाहत तबकडी केसाकेसाने सरकवली. आकडा वाढतो, सर्वांत वर जातो, पुन्हा उतरू लागतो; मग दोन्ही बाजूंच्या उताराच्या बरोबर मध्यावर परत यायचे आणि बोल्ट आवळायचे. बोल्ट आवळतानाही तबकडी हलते, म्हणून शेवटचा आकडा आवळल्यानंतरचाच धरायचा.

केबल भिंतीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला आहे. पावसाचे पाणी केबलवरून ओघळत येते आणि त्या झोळाच्या तळाशी टपकून जाते. झोळ नसता तर ते थेट मोडेममध्ये, म्हणजे घरातल्या इंटरनेटच्या यंत्रात, उतरले असते. बाहेरच्या प्रत्येक जोडावर पाणी न शिरू देणारी टेप घट्ट गुंडाळली आहे. घाटमाथ्यावरच्या पावसात बिघाडाची पहिली जागा म्हणजे हे जोड.

[दृश्य : घराच्या आत. फडताळावर मोडेम, हिरवे दिवे. नात लॅपटॉपसमोर.]

दिवे हिरवे झाले. आता वापरातले खरे रूप.

घरातून निघालेला संदेश सुमारे 36,000 किलोमीटर वर जातो, तेवढाच खाली उतरून कंपनीच्या भूकेंद्रात पोहोचतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरी एवढ्या जाण्यायेण्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि यंत्रांचा वेळ धरला की तो सहाशे मिलिसेकंदांच्या पुढेमागे जातो. वेग कितीही मोठा विकत घेतला तरी हा विलंब कमी होत नाही, कारण तो अंतराचा आहे. धड्याचा व्हिडिओ एकदा सुरू झाला की अखंड चालतो. सातबारा उतरवून घेणे, वीजबिल भरणे, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणे, यांत विलंब जाणवतही नाही. क्षणाक्षणाला प्रतिसाद मागणारे खेळ मात्र इथे चालत नाहीत. विलंब झाकण्यासाठी कंपनीच्या मोडेममध्ये काही युक्त्या असतात. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारी गुप्त वाट, लावले की त्या युक्त्यांना संदेशाचा प्रकारच ओळखता येत नाही आणि सारे संथ होते. सुट्टीत घरी येऊन ऑफिसचे काम करू पाहणाऱ्या आजींच्या धाकट्या मुलाला हे आधी कळले असते, तर त्याचे दोन दिवस वाचले असते.

व्हिडिओ कॉलवर पहिल्या आठवड्यात दोन्हीकडची माणसे एकदम बोलत आणि एकदम गप्प होत. मग आजींनीच वाट काढली. त्या आपले बोलणे झाले की ‘हं, बोल आता’ म्हणतात आणि पदराशी चाळा करत थांबतात. पलीकडून मुलगा बोलतो, त्याचेही झाले की तो ‘बोल आई’ म्हणतो.

[दृश्य : जुलै. घाटावरून उतरणारा पाऊस.]

पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथे त्याच्या कित्येक पट. उपग्रहाच्या लहरींची लांबी दोन-अडीच सेंटिमीटरच्या घरात असते, आणि पावसाचे टपोरे थेंब अशा लहरी शोषतात व विखुरतात. रिमझिम पावसाने फरक पडत नाही. मुसळधार पाऊस लागला की यंत्रणा आधी आपणहून वेग उतरवते, सावकाश पण स्पष्ट बोलू लागते; ढग फारच दाट झाले तर दहा-वीस मिनिटे संपर्क तुटतो आणि सर ओसरली की काही वेळात परत जुळतो. असे तुटणे हा बिघाड नव्हे, आणि त्या वेळी तबकडीला हात लावणे ही मोठी चूक ठरते. याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका घरी भर पावसात ‘सरळ करायला’ म्हणून तबकडी हलवली गेली, आणि पाऊस थांबल्यावरही पुढचे नऊ दिवस तंत्रज्ञाची वाट पाहावी लागली.

आणखी एक व्यत्यय वर्षातून दोनदा, स्वच्छ उन्हात येतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमारास बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. काही दिवस, रोज काही मिनिटे हे घडते.

इथे एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, कारण वाडीत तो सर्वांनी विचारला: साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या लहान उपग्रहांचे, स्टारलिंकसारखे इंटरनेट का नाही? त्यांचा विलंब खरोखरच फार कमी, शंभर मिलिसेकंदांच्या आतच असतो. स्टारलिंकला भारतात जून 2025 मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. परंतु ते उपग्रह एका जागी थांबत नाहीत; प्रत्येक उपग्रह काही मिनिटांत आकाश ओलांडून जातो, आणि त्यांच्यासाठी चारी बाजूंचे आकाश बरेच मोकळे लागते. अशा खोल दरीतल्या घरी तिथे आंबाही आड येईल आणि डोंगरही. पठारावरच्या किंवा माळावरच्या घराचा हिशेब वेगळा असेल. परदेशातून कोणी परस्पर आणून दिलेली तबकडी मात्र कोणीही लावू नये; परवान्याशिवाय आकाशात लहरी पाठवणे हा गुन्हा आहे.

[दृश्य : वळवाचे ढग. घराच्या मागचा अर्थिंगचा खड्डा.]

विजेचे दोन अर्थ या घराला सारखेच महत्त्वाचे आहेत. तारेतली वीज जाते, म्हणून मोडेम इन्व्हर्टरवर घेतला आहे. आकाशातली वीज येते, म्हणून नळापासून जाड तांब्याची तार निघून घरामागच्या खड्ड्यात उतरते. त्या खड्ड्यात तांब्याची पट्टी आहे, आणि भोवती कोळसा व मीठ थराथराने भरले आहे. मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले की सूनबाई गडगडाट सुरू होण्याआधीच मोडेमची पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवतात. नुसती पिन काढून भागत नाही, कारण वीज केबलवरूनही आत येऊ शकते.

कोळसा-मीठ ओले असेल तरच ती तार जमिनीशी नीट बोलते. म्हणून एप्रिल लागला की नात सकाळी तुळशीला पाणी घालते आणि तसाच अर्धा तांब्या घेऊन घरामागे जाते, खड्ड्यावरचे झाकण बाजूला करते, आणि नळीत पाणी ओतून ते झिरपेपर्यंत तिथे उभी राहते.