मुंबईची सुहेली आणि तिची गोष्ट सांगणारे सर रॉबिन

सुहेली. हे नाव लक्षात ठेवा, कारण ही बोट आपल्या मुंबईत बांधलीये. 32 फुटांची, अस्सल सागवानी. आपल्या सुतारांनी लाकूड तासायचा वाकस आणि भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता असली जुनी हत्यारं वापरून घडवलेली. तिचा मालक म्हणजे मुंबईला येणाऱ्या जहाजांवर नोकरी करणारा एक तरुण इंग्रज ऑफिसर, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 1965 साली तो तिला घेऊन मुंबईहून निघाला आणि 1968 मधे, 29 व्या वर्षी, एकटाच, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या स्पर्धेत उतरला.

आज ते सर रॉबिन आहेत, जन्म 1939 चा. आयुष्यभर समुद्र केला, 68 व्या वर्षी परत एकट्याने जगाची फेरी मारली, 75 व्या वर्षी अटलांटिकची रेस केली, आणि अधूनमधून किनाऱ्यावर असले की हॉलभर लोकांसमोर उभं राहून हे सगळं सांगतात. पण लोकांना ऐकायची असते ती सुहेलीचीच गोष्ट.

आणि ती आहेच तशी. अटलांटिकमधे बोटीत पाणी यायला लागलं, पाण्याखाली फळ्यांमधे फट पडलेली. हा गडी समुद्रात उतरला, श्वास रोखून एकेक बुडी मारत फटीत कापूस ठासला, वरून कॅनव्हासची पट्टी ठोकली, मधेच शार्क घिरट्या घालायला लागला तर वर येऊन रायफलने त्याला मारला आणि परत पाण्यात, कारण काम अर्धवट राहिलं होतं ना. मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीत हा भाग सगळ्यात भारी आहे. वादळं सगळ्यांच्याच वाट्याला येतात हो, पण भर समुद्रात एकट्याने बसून दुरुस्ती करत राहणं, रोज, महिनोन् महिने, याला वेगळीच जिद्द लागते.

रेडिओ बंद पडला. न्यूझीलंड सोडल्यावर साडेचार महिने कुणालाच काही कळेना, घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील!

22 एप्रिल 1969. 312 दिवसांनी सुहेली इंग्लंडच्या फालमथ बंदरात परतली. कस्टमवाल्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? उत्तर एकच शब्द, फालमथ.

निघाले होते नऊ जण, फेरी पूर्ण केली ती एकट्या रॉबिनने. 5000 पौंडांचं बक्षीस त्याने ठेवलं नाही, याच स्पर्धेत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकलं.

आता आपल्याकडे या. 2006 मधे भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे सर रॉबिनना मदतनीस म्हणून त्यांच्या टीममधे जाऊन राहिले, कारण हॉलमधे बसून जे कळत नाही ते बोटीवर हात काळे करून कळतं. 19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले, गोव्यात बांधलेल्या 56 फुटी म्हादेईवर, आणि 2010 च्या मे महिन्यात शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाची फेरी मारणारा पहिला भारतीय मुंबईत परत आला.

मग 2017 मधे नौदलाचेच अधिकारी असलेल्या अभिलाष टॉमींसाठी गोव्यातच एक नवी बोट बांधली, थुरिया. तिचं डिझाइन? हुबेहूब सुहेलीचं.